चार बोटांचं अंतर

गुन्वोर ब्रेक्केला राग आलाय की नाही, हे रौदालमध्ये कुणी तिला विचारत नसे. तिच्या अंगणातल्या सरपणाच्या राशीकडे बघितलं की पुरे. साधासुधा राग असला तर रास कमरेला लागायची. पोस्टानं तिला निवृत्त करून खोऱ्याच्या तोंडाशी टपालपेट्यांची रांग ठोकली, त्या वर्षी ती खांद्यापर्यंत गेली होती. आणि नेमबाजी मंडळाच्या दारावर शरदातल्या सामन्याची यादी लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी रास स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढली आणि समोरच्या इंगेब्योरला गुन्वोरच्या ताटात काय पडलंय हे दिसेनासं झालं. इंगेब्योरच्या आयुष्यात एवढी मोठी हानी झाली नव्हती. नवरा गेला तेव्हा निदान पेन्शन तरी सुरू झालं होतं.

यादीत पाच नावं होती. चार नावं नेहमीच्या रकान्यात, आणि पाचवं बाजूला, वेगळी रेघ मारून: गुन्वोर ब्रेक्के, दुर्बीण वर्ग. अक्षर आस्लाकचं. आस्लाक म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, बारा गाईंचा मालक आणि गुन्वोरचा सख्खा धाकटा भाऊ.

बाहेरच्या माणसाला यात रागावण्यासारखं काय, ते कळायचं नाही. बंदुकीवर दुर्बीण लावली की लांबचं जवळ दिसतं, मग लावावी. पण रौदालमध्ये माणूस नेम धरतो तो मागच्या चकतीच्या बारीक भोकातून, पुढच्या टोकाला बसवलेल्या कड्यात निशाणाची पाटी पकडून. काच नाही, काही नाही. दुर्बीणवाले निराळे. त्यांचा वर्ग निघाल्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि तो निघाला तेव्हा मंडळाच्या सभेत गुन्वोरच उभी राहून म्हणाली होती की ज्यांना शेजारणीच्या खिडकीत बघायची खोड आहे त्यांच्यासाठी वर्ग चांगला आहे. सभा पाच मिनिटं हसत होती. इतिवृत्त आस्लाक लिहीत होता. त्यानं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं.

गुन्वोर त्या वर्षी सदुसष्टची. बापाची बंदूक तिच्या खांद्याला लागली ती पंधराव्या वर्षी, आणि रौदालच्या पाचांत तिचं नाव एकतीस वर्षं न चुकता होतं. मधे एकदा हात मोडला होता, तेव्हासुद्धा.

दारावरची यादी तिनं काढली नाही, फाडली नाही. तिच्यापुढे उभी राहून एकदा वाचली, चष्मा काढून दुसऱ्यांदा वाचली आणि सरळ भावाच्या गोठ्यात गेली. आस्लाक दूध काढण्याचं यंत्र लावत होता. रेडिओ चालू होता. तिनं आधी रेडिओ बंद केला.

“ते दारावर काय लिहिलंयस?”

“वाचता आलं ना?” आस्लाक गाईच्या पोटाआडून म्हणाला. “म्हणजे जवळचं दिसतंय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. मग लिहिता आलं नसतं.”

मग त्यानं कारण सांगितलं. खिंडीपलीकडच्या होवदालवाल्यांशी दर सप्टेंबरात जो सामना होतो, त्यात तीन वर्षांपासून असा नियम होता की पाचांतला एक जण दुर्बीणवाला हवाच. रौदालचा जो एकुलता एक दुर्बीणवाला होता तो मुलीकडे बेर्गनला राहायला गेला. आता जागा कुणी तरी भरायला हवी, नाही तर संघच उतरत नाही, आणि जिंकणाऱ्यांना मिळणारं, चांदीनं मढवलेलं ते बैलाचं शिंग होवदालच्या दुकानात, यीस्टच्या पाकिटांशेजारी, दहाव्या वर्षीही तसंच राहतं. रौदालमध्ये दुकान नाही. यीस्ट घ्यायला तिथंच जावं लागतं आणि शिंग बघावं लागतं.

“म्हणजे तुला माझ्या डोळ्यांचं काही नाही,” गुन्वोर म्हणाली. “तुला रकाना भरायचाय.”

“रकानाही भरायचाय,” आस्लाक म्हणाला, “आणि डोळ्यांचंही आहे. मेमध्ये काय झालं ते सगळ्या खोऱ्याला माहीत आहे, गुन्वोर.”

मेमध्ये झालं ते असं. होवदालच्याच रानात एक छोटा सामना होता. रानातल्या सामन्यात झाडांमधून चालत एकेक टप्पा घ्यायचा, पाच टप्पे, दर टप्प्याला सहा गोळ्या. कुठे काळी पाटी शंभर मीटरवर, कुठे चारशेवर, कुठे गुडघ्यावर बसून, कुठे पालथं पडून. ज्याची त्याची पाटी ज्याच्या त्याच्या समोर, शेजारी शेजारी, खाली नंबर. तिसऱ्या टप्प्यावर मोजणारे गेले तर गुन्वोरच्या पाटीवर भोक नाही, आणि शेजारच्या स्टाइनार बसवाल्याच्या पाटीवर बारा. स्टाइनारनं कधी आयुष्यात बारा नेम धरले नव्हते. त्याच्या बसला थांबासुद्धा नीट सापडत नाही. सहाच्या सहा गोळ्या गुन्वोरनं दुसऱ्याच्या पाटीत घातल्या होत्या.

तेवढ्यानं तिला राग आला नसता. चूक नवशिक्याची होती, पण चूकच होती. राग आला तो नंतर, कॉफीच्या टेबलापाशी. होवदालच्या बायकांनी कागदी बशीत वॉफल आणून दिलं, वर तपकिरी चीजचे दोन पदर, आणि पैसे घेतले नाहीत. एक जण तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, असू दे गं. वॉफल तिनं त्यांच्यासमोर त्यांच्याच कुत्र्याला घातलं. पण ‘असू दे गं’ कुत्र्याला घालता येईना. ते तिच्या घशात महिनाभर अडकून होतं.

गोठ्यात शेवटी असं ठरलं की शनिवारी मंडळाच्या मैदानावर दोघांनीच जायचं. शंभर, दोनशे, चारशे. गुन्वोरला चारशेवर आपली पाटी सापडली तर आस्लाक यादी बदलेल. नाही सापडली तर दुर्बीण घ्यायची, नाही तर पाचांत नाव नाही.

शंभरावर तिनं सहा गोळ्या एका कपबशीच्या रुंदीत घातल्या. दोनशेवर पाच बऱ्या, एक जरा खाली. मग चारशेच्या ओट्यावर ती पालथी पडली, चकतीची किल्ली मोजून फिरवली आणि भोकाला डोळा लावला. भोक दिसलं. पुढचं कडं दिसलं. कड्याच्या पलीकडे पाट्या असायला हव्या होत्या, तिथे कुणी तरी ओल्या बोटानं शाई पुसल्यासारखा एक पट्टा होता. त्या पट्ट्यात आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं, ते तिला कळेना. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. आस्लाक मागे उभा. तिनं गोळी बाहेर काढली, खिशात टाकली आणि उठली.

आस्लाकनं विचारलं, काय झालं. वारा फार आहे, ती म्हणाली. मैदानावरचा झेंडा धुऊन वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबत होता. आस्लाकनं झेंड्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही; आणि तो बोलला नाही याचा तिला आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त राग आला. घरी येऊन तिनं अंधार पडेपर्यंत लाकडं फोडली. जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडत नाही, म्हणजे किती ते समजा.

बंदुका विकणारा आणि दुरुस्त करणारा येर्मुंड दीड तासावरच्या गावात. त्याच्याकडे जायचं तर गुन्वोरला दुसरीच एक अडचण होती. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी येर्मुंडनं तिला अकरा पत्रं लिहिली होती. रौदालची पत्रं वाटायची ती गुन्वोरनंच. तेव्हा स्वतःचीच पत्रं स्वतःच्या पिशवीत घेऊन ती खोरंभर हिंडली आणि अकराच्या अकरा पत्रांवर ‘या पत्त्यावर कुणी नाही’ असा शिक्का मारून परत पाठवली. अकरावं तर तिनं न वाचताच परत केलं असं ती सांगते. म्हणजे पहिली दहा वाचली होती.

दाराची घंटा वाजली तसा येर्मुंडनं चष्म्यावरून बघितलं. “पत्ता सापडला वाटतं,” तो म्हणाला.

“बंदूक बघ. तोंड नंतर चालव.”

तिनं बापाची बंदूक टेबलावर ठेवली. येर्मुंडनं ती उचलली, नळीवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं की हिच्यावर दुर्बीण बसवायची सोयच नाही, लोखंडाला चार भोकं पाडावी लागतील. गुन्वोर म्हणाली की या बंदुकीला पहिलं भोक पाडणाऱ्याच्या कपाळाला ती दुसरं पाडील. तेव्हा दुसरी बंदूक बघणं आलं.

येर्मुंडनं विचारलं, किती लांबचं आणि कसं. ती म्हणाली, शंभरापासून चारशे साठपर्यंत, पालथं, गुडघ्यावर आणि कधी उभ्यानं, आणि मधे चढ. त्यानं आधी जाड नळीची बंदूक काढली. पालथं पडून मारायला ती उत्तम; जाड नळी हलत नाही, तापली तरी गोळी भरकटत नाही. गुन्वोर ती घेऊन दुकानाच्या मधोमध गुडघ्यावर बसली. एक गिऱ्हाईक मासेमारीचा गळ बघत होतं, त्याच्या पोटाच्या रेषेत नळी आली तसं ते काउंटरच्या मागे गेलं. तिनं मनात साठ मोजले. चाळीसला नळीचं टोक खाली झुकायला लागलं.

“ही ओट्यावर पडून राहणाऱ्याची आहे,” ती म्हणाली. “मला डोंगर चढायचाय.”

दुसरी हलकी होती, तर ती वाऱ्यावरच डोलायची. तिसरी मधल्या नळीची, जुन्याच साडेसहा मिलिमीटरच्या काडतुसाची, म्हणजे खांद्याला ओळखीचा धक्का. तिचा दस्ता येर्मुंडनं दोन बोटं आखूड केला, कारण सप्टेंबरात अंगावर जाड कोट असतो, आणि गालाची फळी वर उचलली. दुर्बीण चकतीपेक्षा उंच बसते. गाल टेकला नाही तर डोकं अधांतरी राहतं आणि डोक्याबरोबर नेमही. हे सगळं करताना तो तिच्या गालाकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत होता, असं त्या गळवाल्या गिऱ्हाइकानं पुढे सांगितलं.

मग दुर्बिणी. येर्मुंडनं मुद्दामच पहिल्यांदा पंचवीस पट दाखवणारी काढली. दुकानाच्या मागे शंभर मीटरची पट्टी होती. गुन्वोर पालथी पडली, काचेतून बघितलं आणि दचकली. काचेतली नेमाची काळी फुली पाटीवर टुणटुण उड्या मारत होती.

“हे काय नाचतंय?”

“तुझी नाडी. बारीक भोकातून ती दिसत नाही, म्हणून आजवर तुला वाटायचं की तू शांत असतेस.”

“मी शांतच आहे.”

“मिनिटाला एकशे आठ,” येर्मुंड तिच्या मानेकडे आणि घड्याळाकडे बघत म्हणाला. “शांतच म्हणायचं.”

तिचा राग तिनं आजवर दुसऱ्यांच्या तोंडावर बघितला होता. असा स्वतःच्या डोळ्यासमोर, फुलीएवढा काळा, ठोका चुकू न देता नाचताना पहिल्यांदाच बघत होती. ती उठून बसली आणि म्हणाली, हे यंत्र चोंबडं आहे.

येर्मुंडनं मग सरळ सांगितलं. मोठी दुर्बीण सगळंच मोठं करते. पाटी मोठी, जमिनीवरची वाफ मोठी आणि माणसाचं थरथरणंही मोठं. शिवाय नजर अरुंद होते, एकच पाटी दिसते, ती कुणाची ते कळत नाही. “शेजाऱ्याच्या पाटीत मारायचं असेल तर हीच घे,” तो म्हणाला. म्हणजे मेमधली बातमी दीड तासाचा रस्ता चालून इथवर पोचली होती. तिनं ते गिळलं. कारण पुढचं तो खरं बोलत होता. भोकातून बघताना म्हाताऱ्या डोळ्याला तीन ठिकाणी धावावं लागतं, मागच्या चकतीला, पुढच्या कड्याला आणि लांबच्या पाटीला, आणि तिन्हीकडे एकदम पोचता येत नाही. दुर्बिणीत फुली आणि पाटी एकाच पडद्यावर येतात. तेव्हा चार पटीपासून सोळा पटीपर्यंत सरकणारी घ्यावी. आधी चारावर ठेवून आजूबाजूच्या सगळ्या पाट्या, सगळे नंबर बघायचे, आपली ओळखायची, मग लांबच्या टप्प्याला वाढवायचं. बाराच्या वर जायचं नाही. बाराच्या वर राग दिसतो.

अंतराच्या किल्ल्या गुन्वोरनं हातमोजे घालून, डोळे मिटून फिरवून बघितल्या. एका दुर्बिणीची किल्ली लोण्यात फिरवल्यासारखी फिरायची, घर बदललं की नाही कळायचं नाही. ती तिनं बाजूला सारली. जी घेतली तिचं प्रत्येक घर टक्‌ म्हणून बोटाला सांगायचं. बाजूला तिसरी किल्ली होती, तीही अंतराप्रमाणे लावायची, नाही तर डोकं जरा हललं की फुली पाटीवरून सरकते. कुठल्या अंतराला किती घरं, त्याचा तक्ता तिनं पोस्टाच्या उरलेल्या कार्डाच्या पाठीवर लिहून दस्त्याला चिकटवला.

नव्या बंदुकीचा पोलिसांचा परवाना यायला पाच आठवडे लागले. तोवर रास छपराला टेकली.

जुलैच्या अखेरीला ती मैदानावर एकटी गेली आणि पहिल्याच गोळीला भुवई फोडून परत आली. चकतीवाल्याचा डोळा भोकाला चिकटायला बघतो. बावन्न वर्षं तिचा डोळा असाच पुढे सरकत आला होता. तो दुर्बिणीकडेही तसाच सरकला, बंदुकीनं धक्का दिला आणि काचेचं कडं उजव्या भुवईवर बसलं. रक्त नाकापर्यंत आलं. इंगेब्योरला तिनं सांगितलं की कपाटाचं दार लागलं. पण खूण होती चंद्रकोरीची, आणि रौदालमध्ये कुणाकडेच गोल कपाट नाही. आठवड्यानं तिथंच दुसरी कोर उमटली.

तेव्हा तिनं येर्मुंडला फोन केला आणि विचारलं की त्यानं दुर्बीण विकली की घोडा. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं.

“चार बोटं,” तो म्हणाला. “डोळा आणि काच यांच्यात चार बोटं ठेव. माणसांपासून ठेवतेस ना, तेवढंच अंतर.”

फोन तिनं आपटला. पण दुसऱ्या दिवसापासून चार बोटं ठेवली.

सप्टेंबरचा सामना होवदालच्या रानात. नावं काढली तेव्हा आस्लाकला नऊ नंबर मिळाला आणि गुन्वोरला दहा, म्हणजे पाचही टप्पे बहीण-भावाला शेजारी शेजारी. अडीच महिने ती त्याच्याशी बोलत नव्हती. गाडी मात्र त्याचीच, कारण तिची बंद पडली होती. सगळा रस्ता तिनं खिडकीबाहेर बघत काढला. आस्लाकनं दोनदा रस्त्याच्या कडेला चाक घातलं. त्याचा तिनं वेगळा अर्थ लावला: रागात चालवतोय.

पहिल्या टप्प्याला, एकशे दहा मीटर, गुडघ्यावर. पहिली गोळी सुटताना तिची भुवई आपसूक मागे पळाली आणि ती गोळी वाया गेली. पाच लागल्या. दुसऱ्या टप्प्याला सहा. तिसऱ्याला सहा. आस्लाक सगळीकडे सहा. प्रत्येक टप्प्यानंतर तो नळीवर हात ठेवून सगळ्यांकडे बघायचा, आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ.

चौथा टप्पा चारशे दहा मीटर. ओढ्यापलीकडे उतारावर पाट्या, आणि त्यांच्या बरोबर मागे उतरतं ऊन. भोकातून बघणाऱ्याच्या डोळ्यात ते सुईसारखं शिरायचं. पालथं पडायचं, दीड मिनिट, सहा गोळ्या.

गुन्वोरनं किल्ली मोजून लावली, चार बोटं ठेवली, चार पटीवर सगळी रांग बघितली. नऊ, दहा, अकरा. स्वच्छ. दहावर फुली आणली आणि बारापर्यंत वाढवलं. इशारा झाला. तिनं श्वास सोडला, बोट चापावर आणलं, आणि शेजारून आस्लाकचं ‘हं’ ऐकू आलं. गोळी सोडण्याआधी तो लहानपणापासून असा बारीक हुंकार देतो. बापानं त्यासाठी त्याला कितीदा तरी टोकलं होतं. हं, धाड, आणि तिच्या काळ्या पाटीत एक काजवा लागला.

तिनं गोळी झाडलीच नव्हती. पाठीमागचं ऊन भोकातून चमकत होतं. हं, धाड, दुसरा काजवा, पहिल्यापासून दोन बोटांवर. नेम उत्तम, पत्ता चुकीचा. तिसरा. तिनं दुर्बीण चारावर आणली. नऊ नंबरची पाटी काळी कुळकुळीत, कोरी. आस्लाकला नऊ आणि दहा यांत फरक दिसत नव्हता. जूनमध्ये झेंड्याकडे बघून गप्प बसलेल्या माणसाला पाटीच दिसत नव्हती. आणि त्यानं यादी लिहिली होती, दारावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

एवढा राग तिला कधीच आला नव्हता. फुली बारावरसुद्धा उड्या मारायला लागली असती, पण नवल म्हणजे ती हलली नाही.

काही करायला नकोच होतं. तिनं आपल्या पाटीत सहा गोळ्या घातल्या असत्या तर मोजणाऱ्यांना दहावर बारा भोकं मिळाली असती, नऊवर शून्य, आणि अध्यक्ष आस्लाक ब्रेक्केनं दुसऱ्याची पाटी मारली हे संध्याकाळपर्यंत दोन्ही खोऱ्यांत पोचलं असतं. फिटंफाट. मग कॉफीच्या टेबलापाशी होवदालच्या बायका कागदी बशी घेऊन आल्या असत्या, दोन पदर चीज, आणि त्याच्या दंडाला हात लावून म्हणाल्या असत्या, असू दे रे.

तिथं तिचं डोकं फिरलं. त्याला अद्दल घडवायची तर ती घडवील. होवदालच्या बायका कोण लागून गेल्या? तो गाढव होता, पण ब्रेक्क्यांच्या घरचा गाढव होता.

पन्नास सेकंद गेले होते. तिनं फुली दहावरून उचलून नऊवर नेली आणि भावाच्या कोऱ्या पाटीत सहा गोळ्या घातल्या, एकामागून एक, दार बंद करावं तशा. शेवटची सुटली तेव्हा थांबण्याचा पुकारा झाला.

मोजणारे ओढा ओलांडून गेले. तिथून आवाज आला: नऊ नंबर सहा, दहा नंबर सहा.

आस्लाक उठला, गुडघे झाडले, उन्हाकडे हात करून स्टाइनारला म्हणाला, “बघितलंस? एवढ्या उन्हात, भोकातून. काही लोकांना काच लागते, काहींना नजर पुरते.”

गुन्वोर दस्त्यावरच्या तक्त्यावरची माती पुसत होती. तिनं वर बघितलं नाही.

शिंग मिळालं नाही. पाचव्या टप्प्याला पाटी एकशे तीसवर होती आणि स्टाइनार किल्ली चारशेवरून परत फिरवायला विसरला. त्याच्या सहाही गोळ्या पाटीवरून डोंगरात गेल्या. रौदाल तीन भोकांनी हरलं. चीजचं वॉफल फुकटात स्टाइनारला मिळालं, आणि त्यानं आनंदानं खाल्लं, दुसरंही मागितलं. काही माणसांना रागच येत नाही, त्यांचं सरपण विकतचं असतं.

गाड्यांपाशी आस्लाक बंदुका ठेवत होता. पराभवाचं दुःख होतं, पण स्वतःचे तीसपैकी तीस होते. तोंडावर दोन्ही दिसत होतं. गुन्वोर त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

“किल्ली दे.”

अडीच महिन्यांनी पहिल्यांदा बोलत होती, म्हणून त्याला वाटलं समेट झाला. “कसली?”

“गाडीची. मी चालवणार.”

“का? मी आणलं ना नीट.”

“दोनदा चाक खाली घातलंस.” तिनं आवाज खाली आणला, कारण स्टाइनार दोन गाड्यांपलीकडे वॉफल चघळत होता. “आस्लाक, चौथ्या टप्प्याला माझ्या पाटीत तीन भोकं होती, आणि मी एकही गोळी सोडली नव्हती.”

आस्लाक हसायला गेला. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. मग ओढ्याच्या दिशेनं बघितलं, जिथलं आता काहीच दिसत नव्हतं, म्हणजे चांगल्या डोळ्यांनासुद्धा. त्याचे कान लाल झाले, तसे ते चौथीत असताना शाईची दौत सांडल्यावर झाले होते.

“मग माझ्या पाटीत,” तो म्हणाला, “माझ्या पाटीत सहा कशी...”

“कशी असतील?”

त्यानं स्टाइनारकडे बघितलं. मग हळूच विचारलं की कुणाला सांगितलं का. ती म्हणाली, अजून नाही. सांगणार का, त्यानं विचारलं. ती म्हणाली की पुढल्या वर्षीची यादी ती स्वतःच्या हातानं लिहिणार आहे, दारावर लावणार आहे, आणि त्याला विचारणार नाही. विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि मग लिहिता येणार नाही.

आपलंच गोठ्यातलं वाक्य त्याला ओळखू आलं. “हा सूड झाला,” तो म्हणाला.

“मग? तुला काय वाटलं, माया?”

त्यानं किल्ली दिली. ती चालवायला बसली, तो शेजारी, हात मांडीवर, शाळेतून नाव काढून टाकलेल्या पोरासारखा. होवदालचं दुकान मागे पडलं, काचेआड शिंग चमकलं, दोघांनीही बघितलं नाही. पुढे खिंडीचा चढ लागला. ती तावातावानं चालवत होती, पण चाक रस्त्यावरून एकदाही ढळलं नाही.

खिंडीच्या पलीकडे, रौदालचे दिवे दिसायला लागले तेव्हा, आस्लाकनं समोर बघतच विचारलं, “येर्मुंडकडे चार ते सोळाची अजून एक असेल का?”

“असेल.”

“बाराच्या वर नको म्हणतात ना?”

“तुला आठच्या वर नको,” गुन्वोर म्हणाली. “आणि डोळा चार बोटं मागे ठेवायला शीक. भुवई फुटली तर मी दवाखान्यात नेणार नाही, आधीच सांगते.”

घरी पोचल्यावर तिनं त्याची किल्ली परत दिली नाही, आपल्या खिळ्याला लावली. मग कुऱ्हाड घेतली. पण राशीवर आता जागाच नव्हती. तेव्हा तिनं वरचे चार थर काढून घरात नेले, आणि समोरच्या इंगेब्योरला जूननंतर पहिल्यांदा गुन्वोरचं टेबल दिसलं. त्यावर पोस्टाचं एक जुनं कार्ड होतं, आणि त्याच्या पाठीवर गुन्वोर मोठ्या, लांबून वाचता येईल अशा अक्षरात पुढल्या वर्षाची यादी लिहीत होती.